मामांचं थांबलेलं यान

आमच्या हिच्या मामांइतका सावकाश अंतराळवीर त्रिभुवनात झाला नसेल. मामा बसचे निवृत्त कंडक्टर, राहायला घाटाखालच्या कापडे गावात. मी महाडात मास्तर. घरोघरी नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते. मी मुंबईहून एका गेमची सीडी आणली. त्यात आपण अंतराळयानाचे कप्तान; माणसांशी बोलायचं, निर्णय घ्यायचा, तशी गोष्ट पुढे जाते. संवाद इंग्रजीत, म्हणून रविवारी दुपारी मी भाषांतर करायचं, मामांनी ठरवायचं आणि मी बटण दाबायचं. गोळीबारात त्यांना काडीचा रस नव्हता. समोर तीन डोळ्यांचा व्यापारी आला की म्हणत, "इचारा, गाव कंचं?" तसा पर्यायच नसे. "एवढा मोठा गेम, नि गाव इचारायची सोय नाय?" यान सुटण्याआधी ते पडद्यावर बोट टेकवून माणसं मोजत आणि ही मागाहून ते डाग पुसत बसे. महिन्याभराने मी विचारलं, "कसा वाटतो गेम?" म्हणाले, "बरा हाय. पन यातली मानसं लय एकटी हायत."

मग तो ग्रह आला. डोंगर कोसळतोय, म्हातारा मेकॅनिक बाहेर अडकलाय. त्याला सोडून निघायचं, की त्याला आत घेऊन त्याच्या जागी दुसऱ्याला मागे ठेवायचं? मामांचा चेहरा उतरला. "आपन नाय दाबलं तर?"

"काहीच होणार नाही. सगळं असंच थांबेल."

"मग थांबू दे."

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी घाटात दरड सुटली, तेव्हा एक उतारू लघवीला खाली उतरला होता. ड्रायव्हर ओरडला, गाडी भरलेली. गाडी सोडायला मामांनी डबल बेल दिली. तो माणूस पुन्हा सापडला नाही.

चार रविवार मामा येत, मेकॅनिक उभा आहे ना बघत आणि चहा घेऊन जात. मला मात्र पुढची गोष्ट हवी होती. एका बुधवारी मी एकट्यानेच निघायचं बटण दाबलं, मधलं सगळं भराभर पुढे ढकललं, आणि जुना टप्पा पुसून त्याच जागी नवा सेव्ह केला. आता परतायला वाट नव्हती.

रविवारी मामांनी रिकामी जागा पाहिली. "तुमी बेल दिलीत?"

मान वर करायची मला लाज वाटली.

"जाताना काय बोलला त्यो?"

मी वाचलंच नव्हतं. म्हटलं, "म्हणाला, तुम्ही निघा. माझा राग नाही."

मामा पंच्याने डोळे पुसत म्हणाले, "घाटातला पन आसंच बोलला आसंल."

मी म्हटलं, "असंच म्हणाला असेल, मामा." मामा हयात असेपर्यंत ते भाषांतर मी दुरुस्त केलं नाही.