येतो म्हणून गेलेला

जयनगरच्या सकवारबाईंनी उभ्या जन्मात कुणाला 'जा' म्हटलं नव्हतं. निघणाऱ्याने 'येतो' म्हणावं, घरच्या मोठ्याने 'ये' म्हणावं; 'जातो' आणि 'जा' हे शब्द मेलेल्यांसाठी. घराणं शहाजीराजांच्या लष्कराबरोबर बंगळूरला आलेलं. बोलण्यात निम्मी कन्नड शिरली, पण ही रीत काही सुटली नाही. गॅसवाला असो, दारावरचा भाजीवाला असो, नाहीतर भांडून तरातरा निघालेला सख्खा भाऊ, बाईंचं सगळ्यांना एकच, 'ये'.

बाई पुरणपोळ्या करून विकायच्या. जे. पी. नगरात पुण्या-नागपूरकडची आयटीतली पोरं राहतात, त्यांचे डबे त्या स्वतः पोचवायच्या. दुसऱ्या कुणावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. श्रावणातल्या अशाच एका फेरीत, चौक ओलांडताना गाडीने त्यांना उडवलं. "अगं आई गं!" म्हणून बाई रस्त्यावर कोसळल्या. गाडीतून उतरलेला पोरगा मराठी ऐकून चपापला. गुडघ्यावर बसून त्याने त्यांचा हात धरला. "घाबरू नका काकू, मी मदत घेऊन येतो. येतो हं काकू."

खुबा मोडला होता, डोळ्यांपुढे अंधारी आली होती, तरी बाईंच्या तोंडून सवयीने निघालंच, "ये रे बाळा."

तो गेला तो गेलाच. चौकातल्या फुलवालीने गाडीचा नंबर पाहून ठेवला होता म्हणून निदान नाव तरी कळलं, नागपूरचा तनय. जबाब लिहिता लिहिता हवालदाराने पेन थांबवलं. "नीवे कळ्सिद्रा, अक्का?" म्हणजे, तुम्हीच पाठवलंत त्याला?

"तसं नव्हे रे," बाई कळवळून म्हणाल्या. "आमच्यात म्हणायचं असतं."

विमा कंपनीने कानांवर हात ठेवले. पॉलिसीची मुदत केव्हाच संपली होती, पोराने ती पुढे चालू केलीच नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाईंची वकील निवेदिता म्हणाली, "आता भरपाई गाडीच्या मालकाकडूनच, अक्का. पण तो सापडायला तर हवा." तनय गाडी खोलीखालीच टाकून पळाला होता, ती पोलिसांनी जप्त केली; फोन बंद. दाव्याची नोटीस त्याच्या नागपूरच्या घरी धाडली. इकडे बाईंचं हाड वाकडं जुळत चाललं होतं. दुसरं ऑपरेशन झालं नाही तर पुन्हा ओट्याशी उभं राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. म्हणजे सगळं घोडं त्या पोराच्या येण्यावर अडलं होतं. त्याने यावं म्हणून बाईंनी देव पाण्यात घातले.

आणि तो यायला लागला.

रोज तिन्हीसांजेला गल्लीत गाडी थांबायची. इंजिन चालूच राहायचं. मग दाराशी आवाज, "येतो हं काकू." सून नीरजा दार उघडायची तर गल्ली रिकामी. गोळ्यांचा अंमल असेल, असं ती आधी म्हणाली. मग एका संध्याकाळी दिवा लावताना तो आवाज तिलाही ऐकू आला.

"अत्ते, इथे तुम्हाला काकू कोण म्हणतं?"

कुणीच नाही. जयनगरभर बाई म्हणजे अक्का. निवेदिताने ठाण्यात जाऊन पाहिलं, तर जप्त केलेली गाडी तिथेच पडलेली, टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर. हे ऐकल्यापासून बाईंना दुपार कलली की धडकी भरायची. तरी आवाज आला की अंथरुणातून उत्तर जायचंच, "ये." भीतीपेक्षा सवय जुनी.

थंडी सुरू झाली तेव्हा दाराशी खरोखरचं माणूस आलं. तनयची आई, मथुराबाई. त्यांनी पाण्याला हातसुद्धा लावला नाही.

"पळून घरीच आला होता हो तो. येताच तापाने फणफणला, आणि आठवडाही काढला नाही त्याने. शेवटपर्यंत एकच बडबड, येतो हं काकू. आम्हाला कळेना, ही काकू कोण? मग तुमची नोटीस आली."

त्या आधीच निवेदिताला भेटून आल्या होत्या, रोजच्या आवाजाचंही तिच्याकडूनच ऐकून होत्या. तनयच्या नावचा फ्लॅट विकून भरपाई देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं. ऑपरेशन होणार होतं. सकवारबाई हात जोडू लागल्या तर मथुराबाईंनी ते हात घट्ट धरले.

"ते तर द्यायचंच होतं. मला एकच हवंय. तुम्ही ये म्हणता, म्हणून तो अडकून पडलाय. त्याला जा म्हणा."

सकवारबाईंना रडू फुटलं. नातवाच्या वयाचं पोर, त्याला जा कसं म्हणायचं? पण तेवढ्यात गल्लीत गाडी थांबली. नीरजा सासूच्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"येतो हं काकू."

 पदराचा बोळा तोंडाशी धरून बाई कशाबशा म्हणाल्या, "जा रे बाळा. जा आता."

 मग इंजिनाचा आवाज हलला आणि गल्लीच्या टोकाकडे बारीक होत गेला. नीरजाने सुस्कारा सोडला. सकवारबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि जिने हे सगळं पदर पसरून मागितलं होतं तीच मथुराबाई ताडकन उठली, दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "तनय, ये रे राजा, ये!"

दूर वळणावर इंजिन बंद पडलं.

"आलो, आई," तो म्हणाला. आवाज मथुराबाईच्या पाठीमागून, घरातून आला होता, ज्यांना तो 'येतो' म्हणाला होता त्या सकवारबाईंच्या खाटेपासून.