शिवगंगेचा उजवा कान

नागेशला मी मारलं. त्याच्या डोक्याला टाके पडले ते माझ्यामुळंच. पोलीस आले तवा मी दारातच सांगून टाकलं, लपवायचंय कशाला? आता गल्लीतली शहाणी माणसं म्हणायलीत, "महानंदाक्का, नवरा-बायकोच्या मधी तू कामून पडलीस?" मेल्यांनो, तुम्ही सगळे कान असून घरात बसला होता, म्हणून पडले.

शिवगंगा खजुरीची. लगीन होऊन मैलूरात आली ती माझ्या गिरणीला लागून असलेल्या घरात. मधी एकच भिंत. पोरगी शिकलेली, आणि जीभ अशी की काय सांगावं! घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. टीव्हीची छत्री बसवणाऱ्या एका कंपनीला अशीच माणसं पायजे होती. घरी बसून फोन घ्यायचे, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. एका फोनवर औरादची म्हातारी मराठीत रडायली, दुसऱ्यावर आळंदचा कुणी कन्नडात शिव्या घालायला, तिसऱ्याला ही म्हणायची, "हां भाई, बोलो, क्या होना?" मी कधी दळण द्यायला गेले की दारातच ऐकत उभी राहायचे. मला लई कौतुक तिचं.

आणि नवरा? नागेशचा मालवाहू आटो. मनात आलं तर चालवायचा, न्हाईतर नौबादला चहाच्या हॉटेलात मिशीला पीळ देत बसायचा. बायकोच्या पगारावर पेट्रोल घालणार आणि तिलाच विचारणार, "दिवसभर परक्या गड्यांना सर, सर करतीस. मला एकदा तरी सर म्हणलीस का?" अरं मुडद्या, तुला कोण सर म्हणेल?

नळ यायच्या आधी ती उठायची. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, मग सासूचं बघायचं. इंदिराबाईचं अर्धं अंग लुळं पडलेलं. तिला उचलून बसवायचं, धुवायचं, कण्या भरवायच्या, अंथरूण बदलायचं. ते झालं की कणगीच्या आडोशाला बसून कानाला हेडफोन लावायचा. दोन फोनच्या मधी लसूण सोलायची, तुरीची डाळ निवडायची. कुकर मात्र लावायची न्हाई, शिट्टी लोकांच्या कानात जाती म्हणून. बांगड्या बी वाजायच्या. मग तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून बांगड्यांवर गुंडाळल्या. काम संपलं की सोडायची.

त्याच चिंध्यांवरून पहिला मार बसला. इंदिराबाईनं खाटंवरून कुरकुर केली, "सवाष्ण बाई बांगड्या झाकून बसतीया, माझ्या लेकाचं वाईट चिंतायलीय." हे ऐकून नागेशनं तिच्या डाव्या कानावर असा हात हाणला की ती कणगीवर जाऊन आदळली. कानातून रक्त आलं. डॉक्टर म्हणला, पडदा फाटलाय. मग त्या कानात पू झाला, आणि पुढं त्या कानानं ऐकू यायचं पार बंद झालं. तिनं हेडफोन उजव्या कानाला लावला आणि दुसऱ्या आठवड्यात परत कामाला बसली.

एक दिवस माझ्याकडं आली. "अक्का, गिरणीचा आवाज फोनमधी जातो. एकाच कानानं ऐकते, गिऱ्हाईकाचं काही कळतच न्हाई. मी कामावर असेपर्यंत बंद ठेवशील का?" मी आधी खवळले. "बया, मी काय उपाशी मरू?" पण तिचं तोंड बघून वरमले. सकाळी लवकर आणि संध्याकाळी दळायचं ठरवलं. बाया कटकट करायच्या, पण डबे ठेवून जायच्या.

आठ दिवस गेले नसतील, तर नागेश दारात. "अक्का, दुपारची गिरणी कामून बंद हाय? लोकांचं दळण अडलंय."

मी चक्रावले. जन्मात कधी पिठाचा डबा उचलला न्हाई ह्यानं, आणि ह्याला लोकांच्या दळणाचा कळवळा! शिवगंगेला विचारलं. ती खाली बघून बोलली, "दुपारी मला जेवायला सुट्टी असती. तो तवाच येतो. तुझी गिरणी चालू असली की माझं वरडणं बाहेर जात न्हाई. आता बंद हाय म्हणून त्याचा हात थांबलाय."

माझं डोकंच सणकलं. माझ्या गिरणीच्या आवाजाआड हा हलकट तिला बडवायचा! त्याच संध्याकाळी मी त्याला चौकात गाठलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो दात काढून हसला. म्हणला, "तुझी गिरणी किती दिवस बंद राहती बघतो."

तेवढ्यात शिवगंगेला कंपनीनं कलबुर्गीच्या ऑफिसात बोलावलं. तिथं बसायचं, नव्या पोरींना तीन भाषेत बोलायला शिकवायचं. राहायला खोली बी देणार होते. ती मला सांगताना कशी हसली! "आत्याबाईला संगं नेते, अक्का. हितं तिला कोण धुईल?" मी म्हणलं, तुला याड लागलंय का? जिनं चुगली लावून कान फोडला तिलाच नेतीस? तर म्हणती, "म्हातारी हाय, मरू का देऊ तिला?"

नागेशला हे कळलं. कळणारच, म्हातारीनंच सांगितलं. त्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तिला बजावलं, "दुसरा बी फोडतो. मग बघू बहिरीला कोण नोकरी देतंय." शिवगंगा त्या रात्री उजव्या कुशीवर, कान उशीत दाबून झोपली. तिनंच सांगितलं मला सकाळी. "अक्का, हात मोडला तर चालंल. हा कान गेला तर मी जन्मभर हितंच." मी म्हणलं, आजच चल, खजुरीला सोडते. ती म्हणली, तीन दिवसांनी कलबुर्गीलाच जायचंय, काम बुडवलं तर कंपनी काढून टाकंल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायले होते. एकदम गिरणी सुरू झाली. आधी वाटलं, कुणी आगाऊपणा केला. रिकामी गिरणी, दगडावर दगड घासायला लागलेला. दगड जातील म्हणून मी धावत आले आणि खटका खाली ओढला.

गिरणी थांबली आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "मारू नको" म्हणत नव्हती ती. "ह्या कानावर न्हाई, ह्या कानावर न्हाई" एवढंच म्हणायली होती.

खिळ्याला गिरणीचा जुना पट्टा टांगलेला होता, जोडाला लोखंडी दात असलेला. तो घेऊन मी घुसले. नागेशनं तिचे केस मुठीत धरले होते आणि लोखंडी उलथन्यानं तिच्या हातांवर घाव घालायला होता. तिनं दोन्ही हात उजव्या कानावर दाबून धरलेले. चिंध्या रक्तानं भिजल्या होत्या, आतल्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या होत्या. मी पोचेपर्यंत त्यानं तिचा एक हात हिसकून बाजूला केला आणि उलथनं टाकून तळहातानं सगळ्या ताकदीनं हाणला.

मग मी बी हाणलं. पाठीवर, तोंडावर, जिथं लागंल तिथं. तो पडला तरी थांबले न्हाई. "माझ्या लेकराला मारू नगं गं!" म्हणून इंदिराबाई खाटंवर तडफडायली. मी तिला म्हणलं, गप, न्हाईतर तुलाबी. नागेश डोकं धरून रांगत बाहेर गेला, तवा कुठं माझा हात थांबला. दारात गल्ली जमली होती. कुणीबी आत आलं न्हाई.

त्या दिवशी तिच्या सुट्टीची वाट बी बघितली न्हाई त्यानं. हेडफोन जमिनीवर पडला होता, फोन चालूच, आणि त्यातून कुणीतरी मोठमोठ्यानं बोलायला होता. "ओ बाई, ऐकायलाव का? आमच्या छत्रीवर चित्र येईना! हॅलो! कुणाची मारामारी चाललीय तिथं?" मी दारापाशी उभी असून मला शब्द न शब्द कळायला होता.

शिवगंगा सरकत गेली. तोंडातलं रक्त पदरानं पुसलं. हेडफोन उचलून उजव्या कानाला नीट बसवला आणि रोजच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार सर. आपला आवाज येत नाही. कृपया जरा मोठ्यानं बोला."

तो बिचारा वरडायला लागला. तिनं वायर हलवली, बटन दाबलं, हेडफोन काढून फुंकला, परत लावला.

"अक्का," ती मला म्हणाली, "हेडफोन मोडला बघ त्यानं."

"न्हाई गं माय," मी म्हणलं.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय म्हणायलीस?" तिनं विचारलं.