सोमवारचं ताट

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाले आणि शिरोड्याजवळच्या एका वृद्धाश्रमात औषधं सांभाळायला लागले, तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची पोर होते. अक्कल बेताची, रुबाब मात्र मेट्रनचा.

तिथे देवबागची एक आजी होती, जन्मभर मासे विकलेली. स्मृतिभ्रंशाने मुलांची नावं पुसली, वारही पुसले. मधूनच ती ताट भिरकावायची. "ह्यां काय गो? ढोराक घालतत तां माका घालतंस?"

मी तक्रार केली, डॉक्टरांनी अँटिसायकोटिक, म्हणजे डोकं शांत ठेवणारी, गोळी दिली, आजी गप्प झाली. मी खूश! पण हळूहळू ती दिवसभर खुर्चीत कलंडून झोपायला लागली. पाय अडखळायचे. एकदा तर पडता पडता वाचली. जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन वाळू तुडवलेली बाई!

डॉक्टर पुन्हा आले. "गोळी दिली ती थोड्या दिवसांसाठी. नंतर तिच्यावर लक्ष कोणी ठेवलं?"

ते काम माझंच होतं. त्यांनी गोळी अर्धी केली आणि मला वही ठेवायला लावली. आजी कधी चिडते, किती झोपते, कशी चालते, रोज लिहायचं.

महिन्याने मी त्यांच्यासमोर ऐटीत वाचायला लागले. "सोमवारी ताट फेकलं. गुरुवारी फेकलं. एकादशीला वाटीसकट फेकलं. सोमवारी..."

दारात उभी असलेली स्वयंपाकीण फिसकन हसली. "सिस्टर, हे सगळे शिवराकाचे दिस मां! त्या दिवशी तुमी माका मासे शिजवूक देतास खंय?"

शिवराक, म्हणजे बिनमाशाचं जेवण, हा नियम माझाच होता. मी स्वतः सोमवारचा उपास पाळायचे, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर खेकसायचे. मला कोणी गोळी दिली नव्हती!

डॉक्टर इतके हसले की चष्मा पुसावा लागला. पुढच्या सोमवारपासून आजीचं पान मागच्या पडवीत वेगळं मांडलं, भाताबरोबर सुक्या बांगड्याची कांदा-खोबरं घातलेली किसमूर. डॉक्टरांनी उरलेली गोळीही सावकाश कमी करत बंद केली.

त्यानंतरच्याच एका सोमवारी मी औषधं लावत होते. मागून पावलं वाजली. आजी! स्वतःच्या पायांनी, रिकामं ताट हातात घेऊन.

"मीठ कमी पडला गो चेडवा. कोणी शिकवल्यान तुका?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी चेडू, म्हणजे पोरगी, म्हणवून घेत मी वहीत लिहिलं: सोमवार. ताट फेकलं नाही. चाल ठीक. आरडाओरडा फक्त माझ्यावर, आणि तोही रास्त.