डंकन साहेबांची बटरी

पेपरच्या कचेरीत जे छापलं जातं ते दुसऱ्या दिवशी शिळं होतं. जे छापता येत नाही ते मात्र वर्षानुवर्षं ताजं राहतं. बंगळूरच्या कॅन्टोन्मेंटमधल्या एका इंग्रजी पेपरात मी पन्नास-साठच्या दशकांत बातमीदारी केली. तिथे जमलेल्या किश्श्यांतले निम्मे एकट्या एका पावाचे आहेत! आठवले की अजून डोकं तापतं.

आमचे संपादक डंकन साहेब, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे. देश स्वतंत्र झाला, बाकीचे गोरे बोटीत बसले, हे राहिले. त्यांच्या गावाकडचा एक पाव होता, त्याचं नाव बटरी. चपटा, खारट, हाताला तेलकट लागणारा. रोज अकराच्या मीटिंगला त्याची बशी टेबलावर यायची.

एका वर्षी आमच्याकडे चीफ रिपोर्टरची खुर्ची रिकामी होती. उमेदवार दोघे, मी आणि शेषगिरी. मी बातम्या आणायचो. शेषगिरी बटरी खायचा.

*

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला बटरीचा इतिहास ऐकवला. "आमचे कोळी ही घेऊन पंधरा-पंधरा दिवस समुद्रावर राहायचे. बटरी शिळी होतच नाही!"

मी एक घास चावला, चावतच राहिलो, आणि म्हणालो, "सर, जन्मतःच शिळी असेल तर आणखी काय होणार?"

तेवढ्यात शेषगिरीने हात पुढे केला. "सर, मी आणखी एक घेऊ?"

*

बटरीला लोणी सपाट बाजूला लावायचं, असा साहेबांचा दंडक. एका नव्या उपसंपादकाने ते वरच्या खडबडीत बाजूला लावलं. साहेबांनी सुरी खाली ठेवली. "यंग मॅन, कॉलेजात तुला काय शिकवलं?"

"सर, इकॉनॉमिक्स."

बिचारा सहा महिन्यांत कायम व्हायचा, तो वर्षाने झाला!

*

बटरी बनवायचा अँटनी. शिवाजीनगरच्या बाजूला त्याची भट्टी होती. माणूस गुणी. त्याचा केक खाण्यासाठी लोक सायकली मारत यायचे. पण बटरीपायी साहेबांनी त्याला रडवलं. आज फुगली जास्त, उद्या मऊ झाली, परवा खालून करपलीच नाही!

एकदा मी त्याला विचारलं, "आता कशी काय पास होते रे?"

"अण्णा," तो म्हणाला, "आधी मी नीट करत होतो. आता भट्टीत टाकतो आणि चहा प्यायला जातो."

*

हा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका गिरणीत संप झाला होता. मी चार दिवस फाटकावर उभा राहिलो. बायका कडेवर पोरं घेऊन उन्हात बसल्या होत्या, मालक बोलायला तयार नव्हता. सगळं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर माझ्या बातमीच्या उरल्या होत्या चार ओळी! बाकीच्या जागेत साहेबांचा लेख होता: आपल्या गावची भाकर माणूस का विसरत नाही.

मी तावातावाने त्यांच्या खोलीत गेलो. "सर, तिथे लोकांच्या घरी चूल पेटत नाहीये!"

साहेब शांतपणे म्हणाले, "राव, म्हणूनच तर पावावर लिहिलं."

*

शेषगिरी घरी कांदासुद्धा न खाणारा. एक दिवस अँटनी माझ्याजवळ सहज बोलून गेला, "अण्णा, नाव बटरी, पण खरी चव डुकराच्या चरबीची. साहेब घरून तिचा डबा पाठवतात."

शेषगिरी माझा प्रतिस्पर्धी खरा, पण हे त्याच्यापासून लपवणं मला पटेना. जिन्यात गाठून सांगून टाकलं.

त्याने आधी मागे पाहिलं, मग पुढे. कुणी नाही याची खात्री केली आणि कानाशी येऊन म्हणाला, "मला पोंगलच्या सणापासून माहीत आहे, राव. एकदा खुर्ची मिळू दे, दुसऱ्या दिवशी सोडतो!"

*

मग ॲबर्डीनहून साहेबांची थोरली बहीण आली. सत्तरीची, काठी टेकत चालणारी, नजर पोलिसाची. साहेबांनी तिला मुद्दाम मीटिंगला बसवलं. बशी पुढे सरकवली. "मॅगी, ओळख पाहू! रोज खातो. आईच्या हातची चव अजून जिभेवर आहे."

बाईंनी बटरी उचलली, उलटी केली, वास घेतला, परत बशीत ठेवली.

"जिमी," त्या म्हणाल्या, "तू हिला कधी तोंड लावलंस? टेबलाखालून कुत्र्याला घालायचास. आईने त्यापायी तुला दोनदा बडवलंय."

साहेबांचे कान लालबुंद झाले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. हसू ओठांत मावेना. आज खुर्चीचा निकाल लागला, माझी झालीच म्हणून समजा!

शेषगिरीच्या तोंडात तिसरी बटरी होती. त्याने ती सावकाश गिळली, रुमालाने ओठ टिपले आणि अदबीने म्हणाला,

"मॅडम, सरांच्या घरच्या कुत्र्यालाही केवढी पारख होती!"

सोमवारी बोर्डावर नोटीस लागली. नव्या चीफ रिपोर्टरने मला दिलेलं पहिलं काम होतं कब्बन पार्कातलं कुत्र्यांचं प्रदर्शन.