बिनविरोध पंच

माझी नात शहरातल्या लॉ कॉलेजात शिकते. परवा जेवताना ती सांगत होती की अमेरिकेतल्या काही राज्यांत सगळ्यात वरच्या कोर्टाचे न्यायाधीशसुद्धा लोक मतं देऊन निवडतात, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत. "पक्ष नाही म्हणजे दडपण नाही आजी, किती छान ना," असं ती म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आमच्या घरात निवडून आलेला न्यायाधीश होता, त्याच्या ताटात मी भाकरी वाढलेली आहे, मला शिकवू नकोस. पोरगी बिचारी ताट उचलून आत गेली. तिला काय माहीत असणार?

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, न्याय पंचायतीचे पंच होते. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर काही वर्षांनी खेड्यापाड्यांत ही न्याय पंचायत आली. आसपासच्या पाच-सहा गावांची मिळून एक. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या मेंबरांनी मतं देऊन आपल्या गावचा एक पंच निवडायचा, आणि या सगळ्या पंचांनी मिळून शिवीगाळ, किरकोळ मारामारी, कुणाची गुरं कुणाच्या पिकात शिरली, असले तंटे मिटवायचे. वकील चालत नसे. पक्ष नाही, चिन्ह नाही, भोंगा नाही. आमचं गाव चिकलठाण्याच्या पलीकडं, जालना रोडपासून आत. आता तिथं कारखान्यांची कुंपणं आहेत. तेव्हा शहरातल्या कोर्टाची पायरी चढायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे शाळेच्या ओट्यावर बसणारे हे पंचच आमचं वरचं कोर्ट.

तर मतं द्यायची वेळच आमच्या गावानं येऊ दिली नाही. एका बाजूला दादांचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला पाटलांनी आपल्या मेव्हण्याला उभं केलं होतं. म्हातारी माणसं मारुतीच्या पारावर जमली. मत म्हटलं की भांडण, भांडण म्हटलं की वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात लग्नाचं आवतन जात नाही, म्हणून काहीही करा पण बिनविरोध करा, असा सगळ्यांचा हेका. बिनविरोध या शब्दाचा आमच्या गावाला भारी अभिमान. अजूनही पेपरात तो शब्द आला की लोक त्या गावाचं कौतुक करतात, आणि मला विचारावंसं वाटतं, बाबांनो, पारावर काय ठरलं ते पण छापा की.

पाटील म्हणाले, मेव्हण्याला मागं घेतो, पण दादांनी बेलभंडारा उचलावा. शपथ एवढीच, की पाटलांच्या घराविरुद्ध पंच म्हणून तोंड उघडणार नाही. दादांनी उचलला. गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले, आणि दादा गळ्यात हार घेऊन घरी आले. आईला त्यांनी सगळं हसत हसत सांगितलं.

आईच्या हातातली परात तशीच राहिली. "आन उद्या पाटलावर कुणी फिर्याद घातली तर?"

"पाटलावर फिर्याद घालायची कुणाची हिंमत हाय?" दादा म्हणाले.

माझे दादा वाईट नव्हते, हे मला ठासून सांगितलं पाहिजे. दिलेला शब्द मोडणं त्यांना जमायचं नाही. आमच्या मळ्याला लागून बागवान चाचांचा मळा होता. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत चाचा बायकापोरांना घेऊन शहरात भावाकडे गेले ते परत येईनात. गावातले कितीतरी मुसलमान तसेच गेले होते. दादा स्वतः बैलगाडी जुंपून गेले आणि चाचांना घेऊन आले. "तू चल, मी हाय ना," एवढंच म्हणाले होते म्हणे. त्या एका वाक्यावर चाचा गावात राहिले. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवायचे, टोपल्या भरून शहरात नेऊन विकायचे. आमच्या घरी भाजी विकत आणलेली मला आठवत नाही.

दादांना पंच होऊन वर्षही झालं नसेल. एका सकाळी पाटलांचे बैल चाचांच्या मळ्यात मोकळे चरत होते. बैल चुकून शिरले म्हणावं, तर कुंपणाच्या काट्या उपटून व्यवस्थित बाजूला रचून ठेवल्या होत्या. चाचांच्या विहिरीवर पाटलांचा डोळा आहे हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगत होतं. वांग्याचं एक झाड उभं राहिलं नाही.

चाचा सरळ आमच्या घरी आले. ते रागात नव्हते, उलट त्यांना धीर आलेला दिसत होता. "दादा, आता तुमीच बसलेत तिथं," ते म्हणाले. "मला भरपाई नगं. पंचांना एवढंच म्हणू द्या, का बैल घातले ते चुकलं. मग मी हितंच ऱ्हातो. नाय तर आज हे बैल हैत, उद्या विहीर जाईल. भाऊ रोज सांगावा धाडतोय, शहरात निघून ये म्हणून. हा फैसला झाला का मी त्याला काय ते सांगतो."

दादांनी मान हलवली. शपथेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आई दाराआडून बघत होती. चाचा गेल्यावर ती म्हणाली, "त्याला सांगा तरी, तुमचे हात बांधलेत म्हणून. शहरातल्या कोर्टात तरी जाईल." दादा म्हणाले, "बघू." मला आजही त्या "बघू"चा राग येतो.

रविवारी शाळेला सुट्टी असायची तेव्हा पंच बसायचे. आम्ही पोरी खिडकीच्या गजांना लोंबकळून बघत होतो. आमच्या पंचायतीत एक रीत पडली होती: ज्या गावचा तंटा, त्या गावच्या पंचानं आधी बोलायचं. त्याला जागा माहीत, माणसं माहीत. बाकीचे सहसा त्याच्यामागं जायचे. चाचांनी सगळं सांगितलं, काट्या कशा रचल्या होत्या तेही सांगितलं. पाटील म्हणाले, मुकी जनावरं आहेत, चुकून गेली असतील. मग सगळे दादांकडे बघायला लागले. चाचाही बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर तेव्हा काळजी नव्हती.

दादांनी घसा साफ केला. "दोघं बी माझ्याच गावचे. म्या यात काय बोलत नाय."

बाकीचे पंच आपसात कुजबुजले. मग शेजारच्या गावचा एक म्हातारा पंच म्हणाला, "गावचाच पंच बोलंना, म्हंजी फिर्यादीत काय दम दिसत नाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. गुरं चुकून गेली, फिर्याद काढून टाकली. एवढ्यात आटोपलं सगळं. दादा तसेच बसून होते. गप्प राहिलो की आपण दोन्हीकडून सुटलो असं त्यांना वाटलं होतं, आणि त्यांच्या गप्प राहण्याचाच निकाल झाला.

घरी आल्यावर ते आईला पुन्हा पुन्हा सांगत होते, "शपथ बी मोडली नाय आन बागवानाविरुद्ध बी बोललो नाय." आई चुलीपुढून उठली नाही. "तुमी बोलले नाय म्हणूनच तर त्याचं घर उठणार आता," ती म्हणाली. आईला दादांशी असं बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

महिन्याच्या आत चाचांनी गाडी भरली. दादा तिथं गेले तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. चाची गाडीत पाठ करून बसली होती. दादा म्हणाले, "तुझ्याविरुद्ध म्या एक शब्द बोललो नाय, तुला ठावं हाय."

चाचा दोरी आवळत होते. "व्हय दादा. विरुद्ध बोलले असते तर लई बरं झालं असतं," ते म्हणाले. "भांडलो असतो तुमच्याशी. मग जिरवून बसलो असतो हितंच. गावात माझं म्हणून एक माणूस हाय, एवढ्यावर तर मी आल्तो परत."

दादांनी खाली राहिलेली एक टोपली उचलून गाडीत ठेवली. गाडी निघाली तशी ते तिच्या कडेला हात लावून थोडं चालले, मग थांबले. चाचांचा मळा पुढं पाटलांनी घेतला, विहिरीसकट.

पंचांची मुदत संपली तेव्हा पुन्हा पार भरला. आई म्हणत होती, तुमचं नावच देऊ नका. दादाही म्हणाले होते की आता बस्स. पण तिथं पाटीलच उभे राहिले आणि म्हणाले, असा पंच शोधून मिळायचा नाही, यानं कुणाचं वाईट केलं नाही. कुणीही दुसरं नाव घेतलं नाही. पुन्हा बिनविरोध, पुन्हा गुलाल. दादा दिवस मावळायच्या आत घरी आले, हार काढून खुंटीला लावला आणि ओसरीवर बसून राहिले.

आई बाहेर आली. "या बारीला काय कबूल करून घेतलं पाटलानं?"

दादा खाली बघत म्हणाले, "काय नाय. त्यानं काय मागितलंच नाय."