अंगठ्याचं दर्शन

डिचोलीचे आमचे डॉक्टर इतकं सावकाश बोलत की वाक्य संपेपर्यंत रोग्याचा ताप उतरे. गोवा राज्य झालं त्या साली मधुमेहाच्या जखमेपायी माझ्या पायाचा अंगठा कापायचं ठरत होतं. डॉक्टरांनी आधी जखम हुंगली.

"फेणी ओततोस मरे?"

"जंतू मरतात, दोतोर."

"नवं मांसही मरतं. अंगातच फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं असतात. ती मांस भरतात, रक्तवाहिन्या फुटवतात. त्यांना काम करू दे."

फेणी थांबली. पुढं एकदा पट्टी सोडली, तर आत नव्या मांसाचे डाळिंबासारखे लाल दाणे. "कापायचं रद्द," म्हणत डॉक्टरांनी बाहेरची अख्खी रांग आत बोलावली. शिरगावच्या जत्रेलाही एवढी गर्दी नसेल. एका म्हातारीनं अंगठ्याला हात जोडले. मीही तो जरासा हलवून तिला आशीर्वाद दिला.