जवाबी कार्डावरचं ‘नाही’

माझ्या आईच्या पायाबद्दल मी तिच्या डॉक्टरांना चार वर्षं खोटं लिहीत होतो. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही.

नामांतराच्या चळवळीचे दिवस. मी सेलूला मास्तर, माय पेडगावात. तिच्या मोडलेल्या खुब्यात बसवलेला पहिला गोळा सैल झाला, म्हणून पुण्यात दुसऱ्यांदा ऑपरेशन करून नवा सांधा घातला. दुसऱ्या खेपेला हाड आधीच पातळ झालेलं असतं. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांचा मदतनीस माझ्याकडे न बघताच म्हणाला, “तुमच्या लोकांना सांगून उपयोग नसतो. दोन वर्षांत परत याल.”

ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

डॉक्टर माणूस भला. आपण बसवलेले सांधे किती वर्षं टिकतात, याची वही ठेवायचे. दरवर्षी शाळेच्या पत्त्यावर त्यांचं जवाबी कार्ड यायचं. खाली बसतात का? काठी लागते का? उठल्यावर पहिल्या पावलांना मांडीत दुखतं का? मी तिन्हींपुढं ‘नाही’ लिहून पेटीत टाकायचो. दोन वर्षं उलटली तेव्हा मला कोण आनंद झाला.

माय तर लोकांच्या रानात उकिडवी बसून खुरपायची. तिसऱ्या वर्षी परभणीला कलेक्टर कचेरीसमोर धरणं होतं. तिथंही बायांत मांडी घालून बसली. मी उठवायला गेलो.

“माय, डॉक्टरनं काय सांगितलंय?”

“खुर्ची घिऊन कुणी धरणं धरतंय व्हय रं? मास्तर झालास अन् अक्कल शाळंतच ठिवून आलास.”

बाया हसल्या. मी शेजारीच बसलो. उठताना तिनं माझा खांदा धरला, पहिली तीन पावलं दात-ओठ खात टाकली.

“दुखायलंय का?”

“उठताना लय दुखतंय. चाललं की न्हाई.”

त्या आठवड्यात आलेल्या कार्डावरही मी ‘नाही’ लिहिलं. त्या मदतनिसाच्या नाकावर टिच्चून.

ते दुखणं म्हणजेच सांधा सुटत चालल्याची खूण होती. पाचव्या वर्षी तिला उभं राहवेना. एक्स-रेचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, “लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं. आता धरायला हाडच उरलं नाही.” मग वही उघडली. “तुम्ही तर सगळं पाळलंत. म्हणजे सांध्यातच दम नव्हता.” तसं त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. मी तोंड उघडलं नाही.

मायनं कुबडी घेतली, ती शेवटपर्यंत. खाली बसणं मात्र सोडलं नाही.

तिच्या बसण्याची माफी मी कुणाकडं मागणार नाही. आमची माणसं जमिनीवर बसतात. तसं बसूनही टिकेल असा सांधा घडवणं हे घडवणाऱ्यांचं काम. पण त्यासाठी त्यांना खरं कळायला हवं होतं, आणि तेच मी दाबलं.

मायचा पाय मी परत देऊ शकत नाही. डॉक्टरांच्या वहीसाठी एक खरं उत्तर मात्र मी अजून देणं लागतो: ती खाली बसायची, तिला दुखत होतं, आणि मला ते माहीत होतं.